डीडी फ्री डिश: गावात क्रिकेट पाहायला घ्यावी का?

महिन्याचं रिचार्ज न भरता भारतीय संघाचे सामने टीव्हीवर पाहायचे असतील, तर गावातल्या घरासाठी दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशसारखी दुसरी सोय नाही. छत्री, बॉक्स, वायर मिळून एकदाच दीड-दोन हजार लागतात. मात्र कोणता खेळ दिसेल अन् कोणता नाही, हे घेण्याआधीच समजून घ्या.

सामना फुकट दिसतो तो २००७ च्या कायद्यामुळे. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्याचे हक्क ज्या कंपनीने घेतले, तिला आपल्या जाहिराती काढून थेट प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं लागतं. दूरदर्शन त्यात स्वतःच्या जाहिराती लावतं आणि ते उत्पन्न ७५:२५ असं वाटलं जातं, मोठा वाटा हक्कधारकाचा. पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० सामने यात येतात. कसोटी सरकारने ठरवली तरच. आयपीएल नाही, २०२३ ते २०२७ चे तिचे हक्क ४८,३९० कोटींना गेले, एवढा पैसा ओतणारा ती फुकट दाखवणार नाही. रणजीलाही हा नियम लागू नाही, आणि याचं खरंच वाईट वाटतं. विदर्भाने २०२४-२५ ची रणजी नागपूरजवळच्या जामठ्यातच जिंकली. अशा सामन्यासाठी गावातल्या पोरांनी मोबाइलचा डेटा का जाळावा?

केबलवर किंवा खासगी डीटीएचवर डीडी स्पोर्ट्स लावलं तर ऐन सामन्यात नुसती 'इथे सामना दिसणार नाही' अशी सूचना दिसते. त्यात केबलवाल्याचा दोष नाही. कायद्याने मिळालेला हा सिग्नल फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यासाठी आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. म्हणून घरी दुसरं कनेक्शन असलं तरी सामन्यांसाठी फ्री डिश वेगळी लागते.

बसवताना घोळ होतो तो दिशेचा. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. यवतमाळकडून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर आहे. पण छत्री ऑफसेट असते, म्हणजे सिग्नल पकडणारा भाग मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे बरोबर लागलेली छत्रीही बरीच उभी दिसते; तोंड आभाळाकडे करत बसू नका. बॉक्समध्ये एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा भाग) ९७५०-१०६००, फ्रिक्वेन्सी ११०९०, सिम्बॉल रेट २९५००, पोलरायझेशन व्ही टाका. टीव्हीवर दिसणाऱ्या स्ट्रेंग्थच्या पट्टीवर भरवसा ठेवू नका, ती चुकीच्या दिशेलाही भरते. शेजारीच ९५ अंशावर खासगी डीटीएचचा उपग्रह आहे. क्वालिटीची पट्टी वाढेपर्यंत छत्री केसभर केसभर हलवा, मग एलएनबी थोडी फिरवून पाहा, अन् त्यानंतरच नट आवळा.

जोराच्या पावसात चित्र फुटतं, ते कोणत्याही छत्रीचं. पण पाऊस उघडल्यावरही फुटत असेल तर एलएनबीजवळचा कनेक्टर उघडा. आत पाणी शिरून तांब्याची तार हिरवी पडलेली असते. तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावा, वरून रबर टेप गुंडाळा, आणि पाणी गळून जावं म्हणून वायरला खाली एक वळसा ठेवा. टिनावर छत्री बसवू नका. वानरांची एक उडी पडली की दिशा गेली. भिंतीत बोल्ट घालून पाइप ठोका.

चॅनेलच्या जागा लिलावाने विकल्या जातात, त्यामुळे १ एप्रिलच्या सुमारास चॅनेल येतात-जातात. २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांची हिंदी मनोरंजन चॅनेलं अशीच निघून गेली. एखादं चॅनेल दिसेनासं झालं तर मेकॅनिकला पैसे देण्याआधी ऑटो स्कॅन करा.

बॉक्स घेताना एमपेग-४ (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) चाच मागा, जुन्या एमपेग-२ बॉक्सवर एचडी चॅनेलं उघडत नाहीत. आणि तो १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा असावा, म्हणजे लाइन गेली तरी बॅटरीवर चालेल. टीव्हीही १२ व्होल्टचा असेल तर सामना पूर्ण पाहता येतो.