सेन्सर हेडसाठी करून घेतलेला फ्लेक्स कॉइल सेट: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आमचा सेन्सर रुबिडियमच्या अणूंनी अतिशय क्षीण चुंबकीय फील्ड मोजतो, आणि त्यासाठी आजूबाजूचं उरलेलं फील्ड रद्द करून शून्याजवळ आणावं लागतं. त्याच्या व्हेपर सेलभोवती (रुबिडियमची वाफ भरलेली काचेची डबी) बसणारा, हे काम करणारा तीन अक्षांचा कॉइल सेट आम्ही एका फ्लेक्स पीसीबी (वाकणारे सर्किट बोर्ड) बनवणाऱ्यांकडून डिझाइनसकट करून घेतला. आता तो सेन्सरमध्ये बसलाय आणि नीट चालतोय, म्हणून सविस्तर लिहितो. नाव देत नाही, कारण तक्रारीही आहेत, आणि हे मुद्दे कुठल्याही फ्लेक्सवाल्याकडे जाताना कामाला येतील. एका वाक्यात मत हवं असेल तर तांब्याचं काम एक नंबर, चुंबकीय स्वच्छतेत ढिलाई, आणि माहितीपत्रकात ज्या आकड्याची सगळ्यात जास्त जाहिरात केलीये तो आकडा बघून हा सेट घेऊच नये.

आधी वस्तू काय आहे ते. सेल म्हणजे ३ मिलिमीटरचा काचेचा घन. लेझर ज्या दिशेने जातो त्या झेड अक्षावर दोन चकत्या, मधे लेझरसाठी भोक, प्रत्येक चकतीला दोन लेयर आणि दर लेयरवर ५ वेढे. सरासरी त्रिज्या ५ मिलिमीटर आणि चकत्यांमधलं अंतरही तेवढंच, म्हणजे आपली ओळखीची हेल्महोल्ट्झ जोडी, जिच्या मधोमध फील्ड जवळजवळ एकसारखं असतं. एक्स आणि वाय अक्षांसाठी दोन पट्ट्या आहेत, त्या ६ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीवर एकावर एक गुंडाळायच्या, त्यांच्यावर सॅडल (खोगिराच्या आकाराचे) कॉइल छापलेत. ट्रॅक १०० मायक्रॉन, गॅप १०० मायक्रॉन, तांबं १८ मायक्रॉन.

मायक्रोस्कोपखाली बघितलं तर खरंच सुंदर काम आहे. वरच्या लेयरवर ट्रॅक बाहेरून आत गोल गोल येतो, व्हायातून (दोन लेयर जोडणारं भोक) खाली उतरतो आणि खालच्या लेयरवर आतून बाहेर जातो, करंट मात्र दोन्हीकडे एकाच दिशेने फिरतो. त्यामुळे मधलं टोक बाहेर काढायला वेढ्यांवरून आडवी वायर न्यावी लागत नाही. हाताने इनॅमल वायर गुंडाळली की नेमकी तीच परतीची वायर घोळ घालते, एवढ्या लहान त्रिज्येला तिचं स्वतःचं फील्ड सेलपर्यंत पोचतं आणि प्रत्येक पीसमध्ये ती वेगळ्या जागी बसते. इथे सगळे पीस एकसारखे, दोन्ही लेयरही एकमेकांवर बरोबर बसलेत.

सॅडलचा आकारही विचार करून काढलाय. पुस्तकातला सॅडल १२० अंशांच्या कंसाचा असतो आणि लांबी व्यासाच्या दुप्पट असावी लागते, म्हणजे इथे २४ मिलिमीटर, एवढी जागा या हेडमध्ये कुठून आणणार. त्यांनी कंस १२० अंशांच्या आसपासच ठेवला आणि लांबी कमी करून वेढ्यांच्या जागा स्ट्रीम फंक्शनने काढल्या. म्हणजे पृष्ठभागावर करंट कसा पसरला तर सेलमध्ये हवं तसं फील्ड येईल ते आधी सोडवायचं आणि मग त्याच्या कंटूर रेषा म्हणजेच ट्रॅक. ही विचारसरणी एमआरआयच्या ग्रेडियंट कॉइलमधून आलीये, टर्नरने १९८६ मध्ये टार्गेट फील्डची पद्धत मांडली तेव्हापासून. आज हे घरीही करता येतं, आल्टो विद्यापीठातून आलेली बीफील्डटूल्स नावाची पायथन लायब्ररी ओपन सोर्स आहे, मी त्यांचं डिझाइन तिच्यातून ताडून बघितलं आणि जुळलं.

आता मुख्य मुद्दा. माहितीपत्रकात सगळा जोर कमी करंटमध्ये जास्त फील्ड यावर आहे आणि चार लेयर घ्या, वेढे दुप्पट करा असा आग्रहही झाला. या कामासाठी मी तरी ते चुकीचं मानतो. हिशोब सोपा आहे, हेल्महोल्ट्झ जोडीच्या मधोमध फील्ड म्हणजे ०.७१६ गुणिले म्यू-नॉट (निर्वात पोकळीचा चुंबकीय स्थिरांक) गुणिले एका चकतीचे वेढे गुणिले करंट, भागिले त्रिज्या. १० वेढे आणि ५ मिलिमीटर घातले की १ मिलिअँपला साधारण १.८ मायक्रोटेस्ला येतात. ऐकायला छान. पण हाच आकडा खालच्या टोकाला १ पिकोअँपला १.८ फेम्टोटेस्ला असा होतो. म्हणजे करंट देणाऱ्या सर्किटचा नॉइज रूट हर्ट्झला (नॉइज सांगायची नेहमीची पद्धत, पुढेही तीच) १ नॅनोअँप असला तर सेलवर १८०० फेम्टोटेस्लाचा नॉइज आपण स्वतःच्या हाताने ओततोय, आणि हे हेड आपण वापरतो ते १०-१५ फेम्टोटेस्ला दिसावं म्हणून. प्रिन्स्टनमध्ये २००३ साली ०.५४ फेम्टोटेस्लापर्यंत मजल गेली होती, त्या जातीच्या सेन्सरला ताकदवान कॉइल म्हणजे नॉइज आत यायला मोठं दारच.

शील्डेड खोलीत उरलेलं फील्ड रद्द करायला काही दहा नॅनोटेस्ला पुरतात. मग सरळ कॉइलच्या सिरीजमध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर टाका. ५ व्होल्टला ५० मायक्रोअँप जातात, म्हणजे ९० नॅनोटेस्लाची रेंज, आणि रेझिस्टरचा स्वतःचा थर्मल नॉइज ०.४ पिकोअँप, सेलवर १ फेम्टोटेस्लापेक्षाही कमी. तोच रेझिस्टर १ किलोओहमचा घेतला तर रेंज ९ मायक्रोटेस्ला मिळते, पण रेझिस्टर एकटाच ७ फेम्टोटेस्ला खातो, आणि डॅकचा (व्होल्टेज देणाऱ्या चिपचा) नॉइज १०० नॅनोव्होल्ट असला तर त्याचे १८० फेम्टोटेस्ला वेगळे. मोठ्या रेझिस्टरचा आणखी एक फायदा म्हणजे तापमान. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो आणि सेल १५० अंशांच्या आसपास तापवतात, पण झेड जोडीचा रेझिस्टन्स जेमतेम ६ ओहम आहे, तो दीडपट झाला तरी १ लाख ओहमपुढे कुणाला कळणारही नाही. म्हणून पुढच्या ऑर्डरला मी एका चकतीवर १० ऐवजी ४ वेढे मागणार आहे.

फील्ड किती एकसारखं आहे यावर तक्रार नाही. सेलच्या टोकाला, म्हणजे मध्यापासून दीड मिलिमीटरवर, फील्ड ०.९ टक्क्याने कमी व्हायला हवं आणि मोजणीही तिथेच येते. त्रिज्या १० मिलिमीटर केली तर फरक ०.०६ टक्क्यावर येईल, पण हेड दुप्पट मोठं होईल. ५० नॅनोटेस्ला रद्द करताना १ टक्का म्हणजे अर्धा नॅनोटेस्ला, रुबिडियम-८७ साठी साडेतीन हर्ट्झ, तेवढं चालतं.

खरा वैताग आला तो निकेलचा. ड्रॉइंगवर निकेल नको असं स्पष्ट लिहिलेलं होतं तरी पहिली खेप निकेलवर सोन्याचा मुलामा देऊन आली. दिसायला चकाचक, पण त्या पॅडजवळ मॅग्नेट नेऊन मग सेन्सरपुढून सरकवलं की सिग्नल उडी मारतो. निकेलचे काही मायक्रॉन पुरे होतात. आणि हे शून्य करणाऱ्या कॉइलने जात नाही, कारण कॉइल सगळीकडे सारखं फील्ड देतो आणि पॅडचं फील्ड सेलच्या एका कोपऱ्यात जास्त, दुसऱ्यात कमी असतं. वाद न घालता त्यांनी बदलून दिलं, इमर्शन सिल्व्हरवर (निकेलशिवाय चांदीचा पातळ थर), हे मान्य केलं पाहिजे. पण कनेक्टरच्या पिनांवरही बहुतेकदा निकेलचा थर असतो हे त्यांच्या डोक्यात नव्हतं, ते आम्हालाच सांगावं लागलं आणि कनेक्टर लांब न्यावा लागला.

दुसरी गोष्ट बारीक आहे. दोन्ही पट्ट्या एकाच ड्रॉइंगवरून काढल्या होत्या. पट्टीची जाडी ०.१६ मिलिमीटर, म्हणजे बाहेरची पट्टी ६.१६ त्रिज्येवर बसते आणि तिच्यावरचा १२० अंशांचा कंस ११७ होतो. वरवर बघता काहीच बिघडलेलं दिसत नाही, पट्टीची टोकं मात्र जुळत नाहीत, मधे १ मिलिमीटरची फट राहते आणि तिथूनच शंका आली. सॅडलमध्ये १२० अंश फील्डच्या एकसारखेपणाच्या आड येणारी जी टर्म मारण्यासाठी घेतात ती मग पूर्ण मरत नाही. दुसऱ्या खेपेत बाहेरच्या पट्टीला वेगळं ड्रॉइंग केलं, आता फट नाही.

शेजारी शेजारी हेड लावणार असाल तर त्यांच्याकडे तयार उपाय नाही. एका हेडचं मॉड्युलेशन (कॉइलने मुद्दाम हलवत ठेवलेलं फील्ड) शेजारच्याला ऐकू जातं, अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं तरी जातं. मी सुचवलंय ते असं की ८ मिलिमीटर त्रिज्येची आणि तेवढ्याच अंतराची उलट वेढ्यांची जोडी बाहेर लावायची. आत १०, बाहेर ४, म्हणजे दोघांचा डायपोल, म्हणजे लांबवर पोचणारं फील्ड, जवळजवळ कटतो आणि आतलं फील्ड पाव भागाने कमी होतं. वर लिहिलंय त्या कारणाने हे पाव फील्ड गेल्याचं मला काहीच वाटत नाही.

आल्यावर काय तपासायचं, तर कॉइलचा आकडा अणूंकडूनच मोजून घ्या. सेल थोडा थंड ठेवून १ मिलिअँप सोडा, हा करंट वेगळ्या सोर्समधून, १०० किलोओहम मधे न घेता, आणि लार्मर फ्रिक्वेन्सी (फील्डभोवती अणू सेकंदाला जितके फेरे घेतात ती) बघा. रुबिडियम-८७ दर नॅनोटेस्लाला ७ हर्ट्झ देतं, तेव्हा झेडला १२.६ किलोहर्ट्झच्या आसपास यायला हवं. शून्य फील्डजवळच्या मोडमध्ये हे करू नका, तिथे अणू हळू फिरतात आणि आकडा फसवतो. अक्षांमधले कोनही याच पद्धतीने काढा, १ अंशाचा तिरकेपणा म्हणजे पावणेदोन टक्के फील्ड दुसऱ्या अक्षात.

डायमंडमधल्या एनव्ही सेंटरसाठी (हिऱ्यातला नायट्रोजनचा दोष, तोही चुंबकीय सेन्सर म्हणून वापरतात) मिलिटेस्लाचं बायस हवं असेल तर हा सेट घेऊ नका. १ मिलिटेस्लासाठी साधारण ५५५ मिलिअँप लागतील, झेड जोडीतच पावणेदोन वॅटपेक्षा जास्त उष्णता निघेल आणि एवढ्याशा जागेत ती जाणार कुठे. तिथे परमनंट मॅग्नेट लावा आणि बारीक ट्यूनिंगपुरता असा कॉइल ठेवा. शून्याजवळ चालणाऱ्या रुबिडियम किंवा सीझियमच्या हेडसाठी मात्र मी याच लोकांकडे परत ऑर्डर देतोय, ४ वेढे, इमर्शन सिल्व्हर, दोन पट्ट्यांना दोन ड्रॉइंग, आणि पाठवण्याआधी मॅग्नेट फिरवून केलेल्या टेस्टचा ग्राफ सोबत.