सिट्रोएन टू सीव्ही घ्यावी की रेनॉ ४?

दोन्ही जुन्या फ्रेंच गाड्या, दोन्हींत इंजिन पुढची चाकं फिरवतं. पण देखभालीचं गणित अगदी वेगळं. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या टू सीव्हीचं नंतरच्या मॉडेलांतलं ६०२ सीसी इंजिन दोन सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं. रेडिएटर नाही, हेड गॅस्केटही (सिलिंडर आणि त्याच्या वरच्या झाकणामधली पट्टी) नाही. टॅपेट गॅप (व्हॉल्व्हजवळची फट) थंड इंजिनवर ०.२० मिमी. सीबी पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) मात्र पंख्याच्या मागे दडलेले, म्हणून पंखा काढूनच ०.४ मिमी गॅप लावावा लागतो. पंखा निघालाच आहे, तर मागचा ऑइल कूलर साफ करून घ्या. तो धुळीने भरला की इंजिन तापतं. किंगपिनला (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळीला) दर हजारेक किलोमीटरला ग्रीस हवंच, नाहीतर ते झिजून स्टिअरिंग जड होतं.

एक चूक फार महाग पडते. १९८१नंतरच्या डिस्क ब्रेकवाल्या गाड्यांत हिरवं एलएचएम तेल (खनिज हायड्रॉलिक तेल) लागतं. साधं ब्रेक ऑइल ओतलंत तर सगळे रबर सील फुगून निकामी.

रेनॉ ४ १९६१ची. चार सिलिंडर, पाण्यावर थंड होणारं इंजिन. कूलंट आणि होज सांभाळले की झालं. ११०८ सीसीची जीटीएल आवृत्ती महामार्गावर सरस.

गंज दोघींनाही खातो. टू सीव्हीची चासी (खालचा सांगाडा) आतून सडते, पण बॉडी बोल्टवर असल्याने नवी चासी बसवता येते. रेनॉत मागच्या टॉर्शन बारच्या (स्प्रिंगचं काम करणाऱ्या, पिळल्या जाणाऱ्या दांड्यांच्या) बैठका आधी तपासा. तिथलं वेल्डिंग किचकट. स्वतः पाना धरणार असाल तर टू सीव्हीच घ्या.