डेंग्यूचा सर्व्हे म्हणून आले आणि रॅकेट विकून गेले

पितृपंधरवडा चालू होता. इंदिरानगरमधल्या आमच्या गल्लीत दोन घरांत डेंग्यूचे पेशंट होते, त्यातली एक मुलगी ॲडमिट. सगळेच घाबरलेले. अशात सकाळी साडेअकराला दोन मुलं दारात आली. गळ्यात आयकार्ड, हातात लांबट रजिस्टर. "काकू, डेंग्यूचा सर्व्हे आहे. पाण्याची भांडी बघायची आहेत."

महापालिकेची माणसं अशी खरोखर येतात, म्हणून मला काही वावगं वाटलं नाही. त्यांनी मोरीतल्या ड्रमचं झाकण काढून टॉर्च मारला, घरात माणसं किती ते लिहिलं, माझी सही घेतली. सही झाल्यावर पिशवीतून मच्छर मारायची रॅकेट बाहेर आली.

"सर्व्हे झालेल्या घरांना सवलत आहे. बाहेर एकच बाराशेला पडते, तुम्हाला दोन मिळून ११००. ३००० एमएएचची लिथियम बॅटरी, दोन वर्षं वॉरंटी. डेंग्यूचा डास रात्रीच चावतो काकू, एक आजींच्या उशाशी ठेवा."

मी इथेच त्यांना थांबवायला हवं होतं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि मावळतीच्या आधी जास्त. डेंग्यूच्या सर्व्हेला फिरणाऱ्याला एवढं तर पाठ असायला हवं. पण आई म्हणाली घेऊन टाक, आणि मी घेतल्या. क्यूआर स्कॅन केल्यावर कुठल्यातरी माणसाचं खासगी नाव आलं. ते वाचूनसुद्धा मी पिन टाकला. पावती म्हणून मिळाली रजिस्टरची फाडलेली चिठ्ठी, त्यावर ना शिक्का ना पत्ता.

दोन दिवस रॅकेट चट्‌चट् वाजली. तिसऱ्या दिवशी रात्रभर चार्ज करूनही दहा मिनिटांत मान टाकू लागली. चौथ्या दिवशी आईने बटण बंद करून जाळीत अडकलेला डास ओल्या फडक्याने पुसायला घेतला आणि किंचाळली. हात कोपरापर्यंत झिणझिणत होता. ७१ वर्षांची बाई, पलंगाच्या कडेवर बसलेली होती म्हणून पडली नाही.

माझा धाकटा भाऊ सातपूरला मोटर रिवाइंडिंग करतो. त्याने रॅकेटची मूठ उघडून माझ्यासमोर ठेवली. "ताई, हे बघ तुझं लिथियम." चकचकीत स्टिकर नखाने उचकटलं, तर खाली पांढरट बुरशीसारखा थर धरलेली जुनी लेड-ॲसिड बॅटरी. चार व्होल्ट, ४०० एमएएच.

मग त्याने शॉकचं कारण दाखवलं. रॅकेटला तीन जाळ्या असतात. मधल्या आणि बाहेरच्या जाळ्यांमध्ये हजार-दोन हजार व्होल्टपर्यंतचा दाब असतो आणि तो कपॅसिटर नावाच्या वीज साठवणाऱ्या छोट्या भागात साठतो. बटण सोडल्यावर तो उतरावा म्हणून एक छोटा रेझिस्टर लावतात. आमच्या बोर्डवर त्याची जागा छापलेली होती, रेझिस्टर मात्र नव्हता. चार आणे वाचवलेले. बाहेरची जाळीही इतकी ढिली, की फडक्याने दाबताच मधल्या जाळीला टेकत होती.

त्याहून वाईट चार्जिंगचं. आत ट्रान्सफॉर्मर न घालता घरातली २३० व्होल्टची लाइन नुसत्या एका कपॅसिटरमधून बॅटरीपर्यंत आणली होती. म्हणजे पिना सॉकेटमध्ये असताना आतल्या कुठल्याही भागाला हात लागला, तर तो थेट लाइनला लागल्यासारखाच. अशी रॅकेट चार्जिंगला लावून जाळीला हात लावू नका, बटण दाबू नका, लहान मुलांच्या हाताशी तर ठेवूच नका. आणि कोणतीही रॅकेट असो, डासांचा स्प्रे मारलेल्या खोलीत लगेच फिरवू नका. त्या डब्यातला गॅस जळणारा असतो आणि रॅकेटमध्ये ठिणगी पडते.

खोक्यावर आयएसआयसारखी खूण होती. खऱ्या आयएसआय खुणेच्या वर आयएस क्रमांक असतो आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो बीआयएस केअर या सरकारी ॲपवर टाकून तपासता येतो. आमच्या खोक्यावर दोन्ही जागा कोऱ्या होत्या.

वॉरंटी कार्डावरचा नंबर बंद. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात अर्ज दिला. पैसे अजून आलेले नाहीत.

पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट लागली. समोरच्या वहिनींना विचारलं, तर त्यांनीही दोन घेतल्या होत्या. का घेतल्या? "अहो, तुमची सही दाखवली ना त्यांनी." त्या दिवशी मी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं, रॅकेट चार्जिंगला लावू नका. एका घरात ती नातवाच्या पलंगामागच्या सॉकेटमध्येच लागलेली होती.

पुढच्या आठवड्यात महापालिकेच्या खऱ्या कर्मचारी ताई आल्या. मी दारातच ओळखपत्र मागितलं, त्यांनी न कुरकुरता दाखवलं. काहीही विकलं नाही. ड्रम आठवड्यातून एकदा रिकामा करून आतून घासा म्हणाल्या, कारण अंडी कडेला चिकटून राहतात आणि वाळली तरी मरत नाहीत. मग फ्रीज पुढे ओढायला लावून त्यांनी मागचा पाणी साठणारा ट्रे बाहेर काढला आणि टॉर्च मारला. त्यात अळ्या वळवळत होत्या.