व्हिनेगर की एचपीव्ही टेस्ट?

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी या दोन तपासण्या, व्हिनेगरवाली म्हणजे व्हीआयए आणि हा कॅन्सर करणारा विषाणू शोधणारी एचपीव्ही, आणि दोन्हींचे मोठे अभ्यास आपल्याच महाराष्ट्रात झालेत, हे किती जणींना माहितीये?

व्हीआयए एकदम साधी, पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड (व्हिनेगरचाच भाऊ) कापसाने लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी, उत्तर तिथल्या तिथे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने दहावी शिकलेल्या बायकांना ट्रेनिंग देऊन दर २ वर्षांनी हीच केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

एचपीव्हीत ब्रशने सॅम्पल घेऊन लॅबला पाठवतात, खर्च जास्त, रिपोर्टची वाट बघा. पण उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातला २००९ चा अभ्यास बघा, सव्वा लाखावर बायका, एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले आणि एकदाच केलेल्या व्हीआयएने मात्र म्हणावा तसा फरक नाही, कारण तिथे सगळा खेळ बघणाऱ्याच्या नजरेचा, त्यात पाळी गेल्यावर जिथे बघायचं तो भाग आत सरकतो, नीट दिसतच नाही. (दोन्हीकडे तुलनेसाठी काही बायकांना तपासणीशिवाय ठेवलं, त्यावरून नंतर बराच वाद झाला, आणि व्हायलाच हवा होता.)

मी तरी एचपीव्हीच करेन. पण रोज बुडवून दुसऱ्यांदा येणं जिला जमणार नाही तिला व्हीआयएच बरी.