कर्ज काढून पुण्यात एमए, की कोल्हापुरात बिनकर्जाचं?

बीएला समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्र होतं, गुण बरे पडलेत आणि पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात नंबर लागलाय. इकडे शिवाजी विद्यापीठाचा विभाग आहेच. या पेचातून मीही गेलोय. मी कोल्हापुरात राहिलो, माझा मामेभाऊ कर्ज काढून पुण्याला गेला. आज दोघांचंही बरं चाललंय, त्यामुळे त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

त्याला तिथे जे मिळालं ते इथे मिळत नाही, हे आधी मान्य करायला हवं. सामाजिक विकासाचं काम करणाऱ्या मोठ्या संस्था मुलाखतीला थेट कॅम्पसवर येतात. सर्वेक्षणाची आकडेवारी स्टाटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरवर हाताळायला त्याच्या तुकडीला पहिल्या सत्रापासून लावलं. मी ते नोकरीला लागल्यावर यूट्यूब बघून शिकलो. इंग्रजीत अहवाल लिहायला त्याचा हात लवकर बसला. त्याचा पहिला पगार माझ्या तेव्हाच्या मानधनाच्या दुपटीहून जास्त होता.

आता हप्ता बघा. फी, राहणं, जेवण धरून वर्षाला तीन असे सहा लाख काढले आणि व्याज १० टक्के धरलं, तर शिक्षण चालू असताना आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. ते साधारण दीड लाख होऊन मुद्दलात मिसळतं. मग साडेसात लाख दहा वर्षांत फेडायचे म्हणजे महिन्याला ९,९०० रुपयांच्या आसपास, आणि शेवटपर्यंत बँकेला जवळपास १२ लाख.

सवलतींवर फार भिस्त ठेवू नका. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी केंद्राची व्याज अनुदान योजना आहे, पण ती तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना. साधं एमए त्यात बसत नाही. २०२४च्या पीएम विद्यालक्ष्मीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत व्याजात ३ टक्के सूट मिळू शकते, मात्र तुमची संस्था त्यांच्या यादीत हवी. प्राप्तिकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते (८०ई कलम), असं सगळे सांगतात. पण सुरुवातीच्या पगारावर मुळात करच बसत नाही, तिथे वजावट घेऊन करायचं काय?

तरीही रकमेनं मी अडलो नसतो. मला अडवलं हप्त्याच्या तारखेनं. आमच्या घरात पैसा येतो तो ऊसबिलाचा. कायद्यानं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवं. प्रत्यक्षात ते कधी पडेल हे घरातलं कोणी सांगू शकत नाही, आणि आलं की आधी सोसायटीचं पीककर्ज वळतं होतं. शैक्षणिक कर्जाला वडील सहकर्जदार लागतात. म्हणजे माझा हप्ता चुकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, त्यांचाही पडणार, आणि उद्या ट्रॅक्टरसाठी बँकेत गेले तर तोच बघितला जाणार. हे मला सोसणारं नव्हतं.

पुढं तासिका तत्त्वावर शिकवायला लागलो तेव्हा हाच घोर किती खरा होता ते कळलं. जुलै-ऑगस्टमध्ये घेतलेल्या तासांचे पैसे दिवाळी उलटून गेल्यावर एकदम खात्यात आले. मे महिन्यात तासच नाहीत, म्हणून मानधनही नाही. आपल्या विषयांत सुरुवातीची कमाई बरेचदा अशीच असते: तासिका, नाहीतर अकरा महिन्यांचा प्रकल्प आणि मध्ये रिकामा काळ. तो रिकामा काळ मी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात नेटच्या, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेच्या, अभ्यासात घालवू शकलो. डोक्यावर हप्ता असता तर मिळेल ती वसुलीची नोकरी धरली असती. माझ्या ओळखीच्या एकाला ती धरावी लागली आणि नेट मागेच राहिली. नेटमधून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, पण तिथवर पोचायला मोकळा वेळ लागतो.

अर्थात घरात दरमहा पगार येत असेल, आई किंवा वडील नोकरीत असतील, तर माझा हा आक्षेप बराचसा गळून पडतो. भावाचं जमलं ते त्यामुळेच. मामा एसटीत आहेत आणि नोकरी लागेपर्यंतचे पहिले काही हप्ते त्यांनी भरले. अशा घरातल्या मुलानं पुण्याचा विचार जरूर करावा. फक्त कॅम्पसच्या पगाराचे आकडे विचारताना एमबीए वगळून, तुमच्याच विषयाच्या तुकडीचे मागा.

बाहेर जायचंच असेल तर खासगी विद्यापीठाआधी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा देऊन केंद्रीय विद्यापीठं आणि टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) बघा, आणि कर्ज चार लाखांच्या आत ठेवा. तिथवर तारण किंवा तिसऱ्याचा जामीन लागत नाही.

इथे राहिलात तर फी हजारांत भागते. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर वेळेत अर्ज करा, गरज असेल तर विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत नाव घाला. आणि लघुप्रबंधाला पुस्तकी विषय घेऊ नका. दोन-तीन गावांत फिरून घरोघरी प्रश्नावली भरून घ्या, ती आकडेवारी स्वतः मांडा. माझ्या मुलाखतीत प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी गुणपत्रिका बाजूला ठेवली आणि अर्धा वेळ त्या प्रश्नावलीवरच विचारलं.