सालेंतोच्या दोन किनाऱ्यांवर भाड्याचा कॅम्पर: घ्यावा का, कधी आणि कसा

इटलीच्या नकाशातील बुटाची टाच म्हणजे पुलिया प्रदेशाचा सालेंतो हा दक्षिण भाग. तेथे जुलैमध्ये आम्ही सहकुटुंब भाड्याच्या कॅम्परने, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने, फिरलो. या किनाऱ्यावर हॉटेलऐवजी कॅम्पर घेण्याचे सर्वांत भक्कम कारण माझ्या मते वारा हे आहे. या चिंचोळ्या भूभागाच्या पूर्वेला एड्रियाटिक आणि पश्चिमेला आयोनियन समुद्र असून पूर्व किनाऱ्यावरील ओत्रांतोहून पश्चिम किनाऱ्यावरील गल्लीपोलीला पोहोचायला साधारण तासभर पुरतो. उत्तरेकडून ट्रामोंताना वाहू लागला की पूर्व किनारा खवळतो आणि पश्चिमेचे पाणी शांत राहते. दक्षिणेकडून दमट शिरोक्को आला की नेमके उलटे होते. स्थानिक लोक सकाळी वारा पाहूनच कोणत्या समुद्रावर जायचे ते ठरवतात, आणि ज्याचे बिऱ्हाड चाकांवर आहे त्याला मुक्कामासकट हाच शिरस्ता पाळता येतो.

आम्ही बारी शहरातून सुमारे सहा मीटर लांबीची, व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली गाडी घेतली. एकूण अनुज्ञेय वजन ३.५ टनांपर्यंत असल्यास अशी गाडी मोटारीच्या साध्या परवान्यावर चालवता येते. भारतीय परवाना असणाऱ्यांनी सोबत आंतरराष्ट्रीय परवाना घेतलाच पाहिजे. गाडी ताब्यात देताना कंपनीच्या माणसाने पाण्याची टाकी, सांडपाण्याचा नळ, गॅसचा कॉक आणि शौचालयाची कॅसेट (काढून रिकामी करायची मैलाटाकी) प्रत्यक्ष हाताळून दाखवली, तीही घाई न करता. गाडी स्वच्छ होती, इंजिन उत्तम होते आणि अरुंद रस्त्यांवर तिची लांबी कोठेही जड गेली नाही.

तक्रार आहे ती फ्रिजची, आणि ती गंभीर आहे. गॅस, घरगुती वीज आणि गाडीची बॅटरी अशा तिन्हींवर चालणारा हा जुन्या पद्धतीचा फ्रिज हवेतील उष्णता पस्तिशीपलीकडे गेली की थकतो आणि गाडी जरा कलती उभी असली तरी नीट गारवा धरत नाही. आमची गाडी सपाट जमिनीवर होती, चाकांखाली गाडी समतल करणाऱ्या उतारपट्ट्याही लावल्या होत्या, तरीही दुपारनंतर दूध नासले आणि सकाळी आणलेल्या बुर्राता या मऊ, ताज्या चीजवर आंबूस पाणी सुटले. फ्रिजच्या बाहेरच्या जाळ्या ज्या बाजूला आहेत ती बाजू उन्हापासून वळवल्यावर फरक पडला, परंतु ही गोष्ट कंपनीने आधी सांगायला हवी होती. दक्षिण इटलीच्या उन्हाळ्यासाठी कॉम्प्रेसरवर चालणारा फ्रिज असलेलीच गाडी मागावी आणि तसे करारात लिहून घ्यावे. छतावरील वातानुकूलन यंत्राबद्दलही आधीच विचारावे, कारण आमच्या गाडीत फक्त चालकाच्या भागातील यंत्र होते आणि ते इंजिन चालू असतानाच काम करते.

त्यामुळे सावली ही चैन न राहता गरज ठरते. ओत्रांतोच्या उत्तरेस अलिमिनी तलावांच्या आसपास पाइनची दाट झाडी आहे. तेथील कॅम्पसाइटवर आम्हाला खरी झोप लागली. बहुतेक ठिकाणी विजेची जोडणी सहा अँपिअरच्या आसपास असते, म्हणजे जेमतेम तेराशे-चौदाशे वॅट. किटली आणि दुसरे एखादे मोठे उपकरण एकत्र लावले की फ्यूज उडालाच. पुलियाची जमीन चुनखडीची आणि पाणी झिरपून जाणारी असल्यामुळे नद्या जवळपास नाहीत. अपेनाइन पर्वतापलीकडील झऱ्यांचे पाणी जलवाहिनीने बारीला पोहोचले तेच मुळी १९१५ मध्ये. हे लक्षात घेतले की काही कॅम्पसाइटवर गरम पाण्याच्या अंघोळीसाठी टोकन का लागते ते समजते आणि त्याचा राग येत नाही.

दुपारी साधारण दोन ते चार या वेळेत कॅम्पसाइटचे फाटक वाहनांसाठी बंद असते, तेव्हा किनारा बदलायचा असेल तर एकच्या आत निघावे. वाटेत समुद्राकाठी गाडी उभी करता येते, पण इटलीच्या वाहतूक कायद्यानुसार ती फक्त स्वतःच्या चाकांवर उभी असली, तिने बाहेर काही सांडले नाही आणि स्वतःच्या आकाराबाहेर जागा अडवली नाही, तरच ते ‘पार्किंग’ मानले जाते. बाहेर छत ताणले की तो मुक्काम झाला. अनेक गावांनी स्थानिक फलक लावून वेगळे निर्बंधही घातले आहेत, ते वाचावेत.

दोन समुद्रांमधल्या त्या रस्त्याने मन फार विषण्ण केले. २०१३ मध्ये गल्लीपोलीच्या परिसरात ऑलिव्हच्या झाडांवर ‘झायलेला’ नावाच्या जिवाणूचा प्रादुर्भाव आढळला आणि नंतर तो सालेंतोभर पसरला. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली, पिळदार बुंध्यांची झाडे राखाडी सांगाड्यांसारखी उभी आहेत, आणि ज्यांचे घर त्या तेलावर चालत होते त्यांच्याविषयी वाटणारी कणव दुपारच्या समुद्रस्नानानेही पुसली जात नाही.

शाकाहारी माणसाची येथे आबाळ होत नाही. वाळक्या बाकल्याच्या दाण्यांचे घोटलेले वरण आणि त्यावर चिकोरीची कडसर पालेभाजी हे येथील जुने, साधे जेवण आहे. कॅम्परसाठी सर्वांत सोयीची मात्र फ्रिसेल्ला: दोनदा भाजलेला हा कडक पाव क्षणभर पाण्यात बुडवावा, त्यावर टोमॅटो चुरडावा, मीठ आणि ऑलिव्ह तेल घालावे. शेगडी पेटवावी लागत नाही, ही गोष्ट तापलेल्या गाडीत फार मोलाची.

१५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो सणाच्या मागचे-पुढचे आठवडे टाळावेत. त्या काळात दर चढतात आणि अनेक ठिकाणी किमान आठवडाभराचे आरक्षण मागतात, म्हणजे वाऱ्यानुसार किनारा बदलण्याची मुभाच संपते. जून किंवा सप्टेंबरमध्ये चौघांच्या कुटुंबाला मी हा प्रवास मनापासून सुचवीन. ज्यांच्या मनात नेपल्सजवळचा अमाल्फी किनारा आहे त्यांनी मात्र कॅम्पर घेऊ नये. तेथील कड्यावरच्या अरुंद रस्त्यावर अशा गाड्यांना दिवसा मनाई असते, आणि तो किनारा बस व बोटीनेच पाहावा.