ॲम्बॅसेडरचा डिस्ट्रिब्युटर: जुनाच दुरुस्त करावा की नवा टाकावा?

घाटात पिकअप मिळत नाही, आयडलिंगला इंजिन रखडतं, आणि मिस्त्री म्हणतो, "साहेब, डिस्ट्रिब्युटर संपला, नवाच टाका." डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला योग्य क्षणी ठिणगीचा करंट वाटून देणारा भाग. १४८९ सीसीची पेट्रोल ॲम्बॅसेडर बाळगणाऱ्याला हे कधी ना कधी ऐकावं लागतंच. ऐकून घ्या, पण पाकीट काढण्याआधी पाच मिनिटं बॉनेटखाली घाला.

डिस्ट्रिब्युटरची वरची कॅप आणि आतला फिरणारा रोटर काढा, मधल्या शाफ्टचं टोक दोन बोटांत धरून आडवं हलवा. टकटक जाणवली तर बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या धातूच्या नळ्या) गेलेत. पॉइंटचा (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काचा) गॅप असतो जेमतेम ०.३५ ते ०.४० मिमी. शाफ्टच डुलत असेल तर प्रत्येक सिलिंडरला तो वेगळा पडतो, मग कितीही वेळा गॅप लावा, टायमिंग (ठिणगी पडण्याचा क्षण) एका जागी राहत नाही. शाफ्ट घट्ट असेल तर दोष बहुधा किरकोळ आहे. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम युनिटला लागलेली नळी तोंडाने ओढून टोकावर जीभ धरा: पॉइंट ज्यावर बसतात ती आतली प्लेट फिरून तशीच थांबली पाहिजे. लगेच मागे आली तर युनिटमधला डायफ्राम (पातळ पडदा) फाटलाय. प्लेटपासून बॉडीला जाणारी बारीक अर्थची वायरही बघा. प्लेटबरोबर हलून हलून ती वेष्टनाच्या आत तुटते, वरून मात्र धडधाकट दिसते. ॲक्सिलरेटर दाबला की मिस होणाऱ्या कितीतरी गाड्यांचं दुखणं एवढंच असतं.

ओव्हरहॉलच्या बाजूने माझा सगळ्यात मोठा मुद्दा ॲडव्हान्सचा, म्हणजे इंजिनाचा वेग आणि भार बघून ठिणगी किती आधी पडते त्याचा. ल्युकास कंपनीच्या २५डी४ या डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर पाच आकडी नंबर असतो. आत, वेगाबरोबर बाहेर फेकली जाऊन ठिणगी आधी आणणाऱ्या वजनांच्या वरच्या प्लेटवर कमाल अंश कोरलेले असतात (ते डिस्ट्रिब्युटरचे, क्रँकवर दुप्पट धरायचे). व्हॅक्यूम युनिटवरही तीन आकडे असतात: किती इंच पाऱ्याला ॲडव्हान्स सुरू होतो, कितीला पूर्ण होतो आणि एकूण किती अंश. म्हणजे वस्तू त्या इंजिनासाठी बेतलेली. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त नव्या डिस्ट्रिब्युटरमध्ये बहुतेकदा एकच कर्व्ह (कुठल्या वेगाला किती ॲडव्हान्स, त्याचं गणित) दहा इंजिनांना चालवून घेतलेला असतो. गाडी सुरू होते, आयडलिंग छान होतं, आणि चौथ्या गिअरमध्ये चढावर नॉकिंग, म्हणजे इंजिनातली टणटण, ऐकू येतं. मिस्त्री मग टायमिंग मागे घेतो, आणि होता तो पिकअपही जातो.

ओव्हरहॉलला माणूस मात्र जाणता हवा. नवा बुश बसवण्याआधी २४ तास इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवावा लागतो. घाई असेल तर १०० अंश तापलेल्या तेलात दोन तास. लेथवाल्याला हे विचारा. तो हसला तर दुसरीकडे जा. वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या असतील तर जोडी जुळवूनच बदलायच्या, हाताला लागेल ती स्प्रिंग चालत नाही. कॅम (पॉइंट उघडणारा शाफ्टवरचा उंचवट्यांचा भाग) झिजला असेल किंवा बॉडीलाच तडा गेला असेल, तर हट्ट सोडून नवा घ्यावा.

नवा घ्यायचाच तर चांगला घ्या. नेदरलँड्सच्या १२३ इग्निशनसारख्या इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरमध्ये कर्व्ह निवडता येतो, झिजायला पॉइंट नाहीत. महाग आहे, वर कस्टम्स ड्यूटी. रोज गाडी चालवणाऱ्याला परवडेल, रविवारी फेरी मारणाऱ्याला मला तरी पटत नाही.

मधला मार्ग म्हणजे जुन्याच बॉडीत पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल. गॅप लावायची कटकट संपते. पण झिजलेल्या बुशवर हा उपाय नव्हे: डुलणारा शाफ्ट मॉड्यूललाही वेळ चुकवून सांगतो. आधी बुश, मग मॉड्यूल. घेण्याआधी बॅटरीची कुठली बाजू अर्थला आहे ते तपासा, फार जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असते आणि उलट जोडणीने मॉड्यूल जागीच जळतं. इंजिन बंद ठेवून चावी ऑन ठेवायची सवयही सोडावी लागेल, त्यानेही मॉड्यूल जळू शकतं.

काहीही ठरलं तरी डिस्ट्रिब्युटर काढताना क्लॅम्पचा बोल्ट ढिला करू नका, क्लॅम्प प्लेट इंजिनाला धरणारे स्क्रू काढा. शाफ्टच्या खालचा डॉग, म्हणजे इंजिनात अडकणारं टोक, एका बाजूला सरकवलेला असल्याने तोच डिस्ट्रिब्युटर परत एकाच पद्धतीने बसतो, टायमिंग हलत नाही. नवा बसवलात तर टायमिंग पहिल्यापासून लावावं लागेल. आणि मॉड्यूल लावलंत तर गॅप लावून ठेवलेली पॉइंट-कंडेन्सरची जुनी प्लेट डिकीत असू द्या. मॉड्यूल जातं ते न सांगता, आणि हायवेवरच्या गॅरेजात ते मिळत नाही.